यंत्रप्रकार क्रमांक (आर्म लिनक्स)

यंत्रप्रकार क्रमांक हा आर्म प्रोसेसरवर चालणाऱ्या लिनक्समध्ये बूटलोडरने कर्नलला द्यावयाचा बोर्डाचा ओळखक्रमांक होय. वैयक्तिक संगणकात जोडलेल्या भागांची माहिती बायॉससारख्या प्रणालीकडून मिळते. आर्म बोर्डांवर अशी सोय बहुधा नसल्याने, आपण कोणत्या बोर्डावर चालत आहोत हे कर्नलला बाहेरून सांगावे लागते.

कार्यपद्धती

३२-बिट आर्ममध्ये नियंत्रण कर्नलकडे सोपवताना बूटलोडर आर० या रजिस्टरमध्ये शून्य, आर१ मध्ये यंत्रप्रकार क्रमांक आणि आर२ मध्ये स्मृती, आज्ञा-ओळ इत्यादींची माहिती देणाऱ्या 'एटॅग' यादीचा पत्ता ठेवतो. कर्नल हा क्रमांक स्वतःत समाविष्ट असलेल्या बोर्डांच्या वर्णनांशी ताडून पाहतो व जुळणी न झाल्यास तेथेच थांबतो. हा दोष फसवा असतो. त्या टप्प्यावर कन्सोल सुरू झालेला नसतो. कर्नल बांधताना निम्नस्तरीय डीबग सुविधा घेतली नसेल, तर पडदा कोराच राहतो आणि चूक वीजपुरवठ्याची की क्रमांकाची, हे उमगत नाही.

यू-बूट या बूटलोडरमध्ये 'मॅकआयडी' या चलाद्वारे क्रमांक बदलता येतो. मात्र तो षोडशमान पद्धतीत वाचला जातो. मूळ रास्पबेरी पायचा क्रमांक ३१३८, म्हणजे षोडशमान सी४२. तेथे कोणी ३१३८ असेच लिहिले, तर कर्नलला १२६०० मिळतात.

नोंदणी

क्रमांकांची मध्यवर्ती नोंदणी रसेल किंग सांभाळत. कर्नलसोबतच्या यादीत पुढे केवळ मुख्य कर्नलमध्ये स्वीकारलेले किंवा गेल्या १२ महिन्यांत नोंद बदललेले बोर्डच ठेवले गेले. वगळल्याने क्रमांक रद्द होत नसे. परंतु ही यादी जशीच्या तशी उचलणाऱ्या बूटलोडरमध्ये जुन्या बोर्डांची नावे नाहीशी होत व त्यांची बांधणी अडत असे.

डिव्हाइस ट्री

प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये स्वतंत्र सी फाइल, ही या पद्धतीची खरी अडचण होती. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आर्म विभागातील या पसाऱ्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यानंतर पॉवरपीसीवर आधीच रुळलेली डिव्हाइस ट्री पद्धत आर्मवरही आली. तीत आर२ मध्ये डिव्हाइस ट्रीचा पत्ता असतो, आर१ कडे दुर्लक्ष होते आणि बोर्डाची ओळख क्रमांकाऐवजी 'कंपॅटिबल' या गुणधर्मातील नावांवरून पटते. ही नावे विशिष्टाकडून सामान्याकडे लिहिलेली असतात. डिसेंबर २०१२ च्या ३.७ या आवृत्तीपासून एकच कर्नल अनेक आर्म मंचांवर चालू लागला. ६४-बिट आर्ममध्ये यंत्रप्रकार क्रमांकाला स्थानच नाही.