पोळ : शेजारधर्माने राखलेली वस्ती

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंदिराची प्रतिष्ठा, चातुर्मासाचे सोहळे आणि दानशूरांची नामावली यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु मंदिर एकटे कधीच उभे नसते. त्याच्या भोवती घरे असतात, गल्ली असते, शेजार असतो. ही वस्ती राखण्याचे दायित्व कोणाचे, या प्रश्नाचे बोलके उत्तर अहमदाबादच्या पोळांच्या इतिहासात सापडते.

'पोळ' हा शब्द आपल्याला 'पांजरपोळ' या शब्दामुळे परिचित आहे. त्याचे मूळ संस्कृत 'प्रतोली' म्हणजे वेस किंवा दरवाजा. इ. स. १४११ मध्ये सुलतान अहमदशहाने वसविलेल्या या नगरात एका ज्ञातीची, व्यवसायाची वा धर्माची कुटुंबे एका दरवाजाच्या आत एकत्र राहू लागली. दरवाजावर पहारेकऱ्याची खोली असे आणि रात्री दरवाजा बंद होई. आत एक मुख्य गल्ली आणि तिला फुटलेले 'खांचे'. भिंतीला भिंत लागलेली, कोरीव लाकूडकामाची घरे. घराच्या मध्यभागी चौक, चौकाखाली चुन्याने बांधलेले 'टांके'. छपरावरील पावसाचे पाणी त्यात साठवून वर्षभर पिण्यासाठी वापरीत. मोकळ्या जागी पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी उभारलेला 'चबुतरो'. जीवदयेचा विचार येथे उपदेशापुरता न राहता वस्तीच्या रचनेतच स्थान मिळवून बसला. जैन पोळांच्या केंद्रस्थानी देरासर, म्हणजे जिनमंदिर असे. बाहेरून ते पुष्कळदा साध्या घरासारखेच दिसे.

ही रचना टिकली ती मात्र केवळ लाकडाच्या व चुन्याच्या बळावर नव्हे. प्रत्येक पोळीचे पंच असत. घर विकायचे वा गहाण टाकायचे झाल्यास प्रथम पोळीतील लोकांना विचारावे लागे. विक्रीच्या रकमेतील काही भाग, लग्नकार्यातील देणगी आणि नियमभंगाचा दंड पोळीच्या निधीत जमा होई. त्यातूनच सामाईक खर्च भागे. राजसत्ता बदलत राहिल्या, पण पोळीचा कारभार पोळीतच राहिला.

या सामूहिक जबाबदारीचा एक प्रसंग आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. १७२५ च्या सुमारास हमीदखानाच्या बाजूने आलेल्या मराठी फौजांपासून शहर लुटले जाण्याचे भय निर्माण झाले. तेव्हा शांतिदास झवेरींचे वंशज नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या धनातून खंडणी देऊन शहर वाचविले. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी शहरातील मालावर शेकडा चार आणे इतका हक्क त्यांच्या घराण्यास वंशपरंपरेने लावून दिला. दान आणि कृतज्ञता यांचा हा करार सर्व धर्मांच्या नगरवासीयांनी मानला, हे विशेष होय. पुढे पेशवे व गायकवाड यांच्या अमलानंतर १८१७ मध्ये ब्रिटिश सत्ता आली. तटबंदी मोडकळीस आली होती. १८३० नंतर नागरिकांच्या सहभागाने समिती स्थापन झाली आणि तूप व इतर मालावरील जकातीतून तटाची दुरुस्ती करण्यात आली. अहमदाबादच्या नगरपालिकेचे मूळ या समितीत शोधले जाते.

याच परंपरेतील एक तेजस्वी नाव हरकुंवर शेठाणी यांचे. १८४५ मध्ये पती शेठ हठीसिंग यांचे निधन झाल्यावर त्यांनी आरंभिलेले धर्मनाथ भगवंतांचे भव्य मंदिर या माऊलीने १८४८ मध्ये पूर्णत्वास नेले.

पुढे काळ पालटला. १८९२ मध्ये साबरमतीवर एलिस पूल झाला आणि विसाव्या शतकात नदीपलीकडे नव्या सोसायट्या वसू लागल्या. मोटारी पोळीत शिरेनात, घरांच्या वाटण्या झाल्या, दंगलींची झळ लागली. एकामागून एक कुटुंबे बाहेर पडली. शंभराहून अधिक देरासरे जुन्या शहरात राहिली, पण नित्यपूजेला येणारी पावले विरळ झाली. ज्या निधीतून पोळ राखली जाई, तो देणारे हातच उरले नाहीत. कोरीव खांब भंगाराच्या भावाने विकले गेले.

या टप्प्यावर काही माणसे पुन्हा पोळीत शिरली. १९९६ मध्ये महापालिकेने वारसा विभाग सुरू केला. वास्तुविशारद देवाशिष नायक आणि 'क्रुटा फाउंडेशन' ही संस्था यांच्या साहाय्याने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी 'हेरिटेज वॉक' आरंभला. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत जाणाऱ्या या पायवाटेवर दोशीवाडानी पोळ, अष्टापदजी देरासर आणि हरकुंवर शेठाणींची हवेली लागते. लांबेश्वरनी पोळीत कवी दलपतराम यांचे घर नष्ट झाले होते. त्या जागी चौक करून कवींचा बसलेला पुतळा बसविण्यात आला. आज तेथे मुले त्यांच्या शेजारी निःसंकोच बसतात. कार्यकर्त्यांनी आधी रहिवाशांना विश्वासात घेतले. आपल्या ओट्याशी परगावचे लोक कौतुकाने थांबतात, हे पाहून घरमालकांची दृष्टी बदलली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने पुन्हा हानी केली, तरी कार्य थांबले नाही. ८ जुलै २०१७ रोजी अहमदाबादच्या ऐतिहासिक नगरास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. हा बहुमान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर ठरले.

तथापि सन्मानाने घरात दिवा लागत नाही. त्यासाठी तेथे माणसे राहावी लागतात. पाहुणे सकाळी येऊन जातात. गळके छप्पर दुरुस्त करण्याचा भार घरात राहणाऱ्यावरच पडतो. हा प्रश्न अहमदाबादेत आजही पूर्ण सुटलेला नाही, आणि आपल्या गावातील जुन्या मंदिराभोवतीच्या गल्लीतही तो थोड्याफार फरकाने उभा आहे.

मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी आपण मुक्तहस्ते देतो, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु पोळीच्या पंचांनी देरासर आणि त्याच्या दारातील गल्ली यांत भेद मानला नाही. साधर्मिक वात्सल्याचा अर्थ वर्षातून एकदा पंगत घालणे एवढाच नसून, शेजाऱ्याचे घर उभे राहावे म्हणून पदरमोड करणे हाही आहे. पुढील पन्नास वर्षांच्या संकल्पात मंदिराच्या कळसाबरोबर गल्लीतील ओट्यालाही स्थान मिळावे, एवढीच या मंगल प्रसंगी विनम्र प्रार्थना.

जय जिनेंद्र!