कुठे मोडावे, याचे शास्त्र

धार-देवासच्या विद्यार्थ्यांनी अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांच्या टकरींवर संशोधन करावे, असे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे समुद्र कुठे आहे? नाहीच. धार जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने नर्मदा वाहते, देवासला क्षिप्रा जवळ आहे, आणि दोन्हींवरच्या होड्यांना अणुभट्टी परवडणारी नाही. पण हा विषय ज्या निबंधावर उभा आहे, तोही लाटांवर लिहिलेला नव्हे. झालेल्या अपघातांच्या नोंदी, मोडलेल्या पोलादाची मापे आणि शाळेत शिकलेले संवेग अक्षय्यतेचे सूत्र, एवढ्या सामग्रीतून तो निघाला.

शिवाय धारचा या प्रांतावर जुना हक्क आहे. अकराव्या शतकात धारहून राज्य करणाऱ्या भोजाच्या नावावर ‘युक्तिकल्पतरु’ हा ग्रंथ सांगतात. तो खरोखर भोजाचाच का, हा वाद विद्वानांना लखलाभ. राधाकुमुद मुखर्जी यांनी 1912 च्या आपल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासात त्याचा भरपूर उपयोग केला. त्यात नौकांचे सामान्य आणि विशेष असे वर्ग आहेत, विशेषांत दीर्घा आणि उन्नता आहेत, आणि एक ताकीद आहे: समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, पाण्यातले चुंबकी खडक तिला ओढून घेतील. कारण अर्थातच चुकीचे. मात्र काथ्याने शिवलेली नौका आपटली की थोडी लवते आणि धक्का जिरवते, हे किनाऱ्यावरच्या कारागिरांना ठाऊक होते. अशा शिवणीचे ‘कौंडिण्य’ हे जहाज नौदलाने मे 2025 मध्ये कारवारला दाखल करून घेतले. मला त्या ताकिदीतला विचार मोलाचा वाटतो: आधी धोका कोणता ते ठरवा, मग सांधा कसा ते ठरवा.

आधुनिक कथा 25 जुलै 1956 च्या रात्री सुरू होते. अमेरिकेच्या नँटुकेट बेटाजवळ धुक्यात ‘स्टॉकहोम’ या जहाजाची बर्फासाठी मजबूत केलेली नाळ ‘आंद्रेआ दोरिया’च्या कुशीत घुसली. दोन्ही जहाजांवर रडार चालू होते. इटलीचे ते देखणे प्रवासी जहाज दुसऱ्या दिवशी बुडाले. त्याच सुमारास अमेरिका ‘सव्हाना’ या पहिल्या अणुशक्तीवरच्या व्यापारी जहाजाची तयारी करत होती. कुशीत शिरणारी ती नाळ अणुभट्टीपर्यंत पोचली तर काय, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता.

‘सव्हाना’चा आराखडा करणाऱ्या जॉर्ज शार्प कंपनीतले व्ही. यू. मिनोर्स्की यांनी 1959 मध्ये उत्तर मांडले; सुरुवातीला म्हटलेला निबंध तो हाच. त्यांनी 26 टकरी तपासल्या आणि एक सरळ रेषा काढली. टकरीत जिरलेली ऊर्जा आणि चेमटलेल्या-फाटलेल्या पोलादाचे घनफळ यांचे नाते जवळजवळ सरळ आहे. आजच्या एककांत ते असे: ऊर्जा, मेगाजूलमध्ये, म्हणजे घनमीटरमधल्या घनफळाच्या 47.2 पट अधिक 32.7. हे सूत्र नुसते वाचू नका, चालवून पाहा. समजा 20,000 टनांचे जहाज 12 नॉट वेगाने 10,000 टनांच्या उभ्या जहाजावर काटकोनात आदळले. धडकणाऱ्याची गतिज ऊर्जा सुमारे 381 मेगाजूल. उभे जहाज आडवे ढकलले जाताना आपल्याबरोबर पाणीही ढकलते. त्यासाठी मिनोर्स्की त्याच्या वस्तुमानात 40 टक्के भर घालतात. हिशेब केला की सुमारे 157 मेगाजूल ऊर्जा मोडतोडीत जिरते, म्हणजे साधारण 2.6 घनमीटर पोलाद, वजनाने वीसेक टन. आता वेग दुप्पट करा. ऊर्जा चौपट होते, पण मोडणारे पोलाद जवळजवळ पाचपट. असे का, ते त्या 32.7 मध्ये दडले आहे. शोधायचे काम तुमचे.

एवढे पोलाद कुठे मोडू द्यायचे, हा खरा प्रश्न. ‘सव्हाना’वर अणुभट्टीच्या कोठडीबाहेर पोलादाचे पत्रे आणि रेडवुड लाकूड यांचे एकाआड एक थर लावले होते. अणुयुगातल्या जहाजाच्या पोटात लाकूड! जर्मनांनी ‘ओटो हान’ या आपल्या अणुशक्तीवरच्या जहाजाच्या काळात हॅम्बुर्गला लहान प्रतिकृती एकमेकींवर आदळवून पाहिल्या. तिथे दोन मते समोरासमोर आली. एक म्हणे, कूस मऊ ठेवा, ती चेमटत जाईल आणि ऊर्जा पिऊन टाकील. दुसरे म्हणे, कूस इतकी कणखर करा की येणाऱ्याचीच नाळ चेमटेल. दुसरे मत अणुभट्टीच्या मालकाला सोयीचे, पण समोरच्या खलाशांचे काय? यावर विद्यार्थ्यांनी भांडावे असे मला मनापासून वाटते, कारण भौतिकी इथे थांबते आणि माणसे सुरू होतात.

पिथमपूरच्या मुलांना पहिले मत समजावून सांगावे लागणार नाही. धार जिल्ह्यातल्या त्या औद्योगिक वसाहतीत नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणी-मार्ग आहे, आणि मोटारीचे नाक चेमटावे, आतली बैठक चेमटू नये, हे वाहन-अभियंत्याला शिकवावे लागत नाही.

पण जहाजाची गोष्ट तिथेच संपत नाही. मोटार थांबली की थांबली; अणुभट्टी बंद केली तरी थंड होत नाही. बंद झाल्याच्या क्षणी तिच्या पूर्ण औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता किरणोत्सारी क्षयातून येतच राहते. ‘सव्हाना’ची भट्टी सुमारे 74 मेगावॅटची, म्हणजे धडकेनंतरही जवळजवळ 5 मेगावॅट उष्णता काढून न्यायची, तीही कललेल्या, पाणी शिरलेल्या, वीज गेलेल्या जहाजात. म्हणून नाळ भट्टीपर्यंत पोचली नाही एवढे पुरत नाही. शीतकाचा पंप धक्क्याने आपल्या बैठकीवरून हलला का, जहाज किती कलले की तो बंद पडतो, हे विचारायला हवे. देवासला किर्लोस्करांच्या कारखान्यात पंप बनतात. तिथल्या माणसाशी चहा पीत तासभर बोललात, तर अनेक प्रबंधांत न सापडणारे प्रश्न हाती लागतील. आणि जहाज बुडालेच, तर? खोल पाण्याच्या दाबाने भट्टीचे कवच चिरडू नये म्हणून ‘सव्हाना’त पाणी आत घेणाऱ्या झडपा होत्या. बुडण्याचीही तयारी केलेली होती, ही गोष्ट नवख्याला दचकवते.

भारतात अणुशक्तीवर चालणाऱ्या नौका आरमाराच्या आहेत आणि त्यांचे आराखडे गुप्त आहेत. त्या दारावर डोके आपटू नये. फेब्रुवारी 2009 मध्ये अटलांटिकमध्ये ब्रिटनची ‘व्हॅन्गार्ड’ आणि फ्रान्सची ‘ल त्रिओंफां’ या दोन अणुपाणबुड्या कमी वेगात एकमेकींवर घासल्या, तरी जगाला त्यातले फारसे कळले नाही. उघडी सामग्री व्यापारी जहाजांची. आपल्या घरचे उदाहरण हवे तर 7 ऑगस्ट 2010 घ्या. मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ यांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलली, कंटेनर पाण्यात तरंगू लागले, सुमारे 800 टन तेल सांडले आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र याच बंदराच्या काठी आहे. त्या जहाजांवर अणुभट्टी नव्हती. असती तर हिशेबात काय काय वाढले असते, हा एका सत्राच्या प्रकल्पाला पुरेल असा विषय आहे.

मोठे काम मात्र पुढे आहे. मिनोर्स्कींची 26 उदाहरणे पन्नासच्या दशकापर्यंतची. आजच्या कंटेनर जहाजांना पाण्याखाली फुगीर बोंड असते आणि ती दोन लाख टनांच्या वर जातात. ती जुनी सरळ रेषा तिथवर ताणता येते का? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची अणु-व्यापारी जहाजांची सुरक्षा संहिता 1981 ची, आणि ती दाबाखालच्या पाण्याच्या भट्ट्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली. वितळलेल्या क्षाराची भट्टी जहाजात बसवायची झाली, तर तिच्या पाइपांना धडकेचा किती हादरा सोसेल? सुरुवात करायला एक संगणक, मिनोर्स्कींचा निबंध आणि एखादा अपघाताचा चौकशी अहवाल पुरेल.