राष्ट्रपतींची निवडणूक (कुमार विभाग)

भारताच्या राष्ट्रपतींना जनता थेट निवडत नाही. संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेच्या दोन्ही सभागृहांतील आणि विधानसभांतील (दिल्ली व पुदुच्चेरी धरून) निवडून आलेले सदस्य मिळून निर्वाचकगण होतो व तो मत देतो. विधान परिषदेचे आमदार आणि नामनिर्देशित सदस्य त्यात नसतात. लोणावळ्याच्या भुशीतील मुलांना सांगताना त्यांच्या मावळ मतदारसंघापासून सुरुवात करावी : घरच्या मोठ्यांनी निवडलेला मावळचा आमदार मुंबईच्या विधानभवनात मत देतो, मावळच्या खासदारालाही मत असते. लोणावळ्याच्या नगरसेवकाला नसते. मुले हमखास त्याचेच विचारतात, कारण गल्लीत तोच दिसतो.

मतमूल्य : १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागले की सुमारे १,७५,०४२ येतात. त्यांना हजाराने भागून १७५, हेच एका आमदाराचे मतमूल्य. बाकी ४२ सोडून देतात. ती पाचशे किंवा त्याहून जास्त असती तर मूल्य एकाने वाढले असते. हा भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा. उत्तर प्रदेशात मूल्य २०८, गोव्यात २०, सिक्कीममध्ये ७. खासदाराचे २०२२ मध्ये ७०० होते.

पसंतीक्रम : मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालतात. वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक कोणालाच मिळाले नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीला देतात. १९६९ मध्ये असेच घडले. व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. तिसरे होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१८९६–१९८२) : आताच्या रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांना १,१२,७६९ मते होती. पुढच्या पसंतीची बहुतेक मते रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. पसंतीक्रम समजावायला याहून चांगले उदाहरण नाही. पाठ्यपुस्तकांनी देशमुखांना त्यात जागा द्यायला हवी.

महाराष्ट्रातील राष्ट्रपती : प्रतिभा पाटील (२००७–२०१२), पहिल्या महिला राष्ट्रपती.

उपराष्ट्रपती : केवळ संसद सदस्य निवडतात, त्यात नामनिर्देशितांनाही मत असते.