पैशाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. ही म्हण ज्याने केली त्याने फोटो स्टुडिओ पाहिला नसणार. विसाव्या शतकातल्या जिल्ह्याच्या गावचा स्टुडिओ म्हणजे पैशाचे सोंग आणून देण्याचे दुकानच होते. खुंटीला काळा कोट, आधीच गाठ मारून ठेवलेला टाय, आरशाशेजारी पावडरचा डबा आणि कंगवा, मनगटी घड्याळ (ते चालू असलेच पाहिजे असे नाही), आणि मागे कारंज्याचा किंवा जिन्याचा रंगवलेला पडदा. जत्रेत याहून गंमत. प्लायवूडच्या मोटारीत बसायचे किंवा पुठ्ठ्याच्या विमानातून डोके बाहेर काढायचे.

आज हेच काम हातातला मोबाइल करतो. कॅमेरा चेहरा ओळखतो, त्यावर अदृश्य बिंदूंचे जाळे पसरतो आणि त्या जाळ्यावर चष्मा, नथ किंवा फेटा बसवतो. मान वळली की फेटाही वळतो. 2015 मध्ये स्नॅपचॅटने लुकसरी ही कंपनी घेऊन ही करामत घरोघरी पोहोचवली. 2017 मध्ये इन्स्टाग्रामवरही तशीच सोय आली. तरीही ती वस्तू कुणाला तरी संगणकावर घडवावी लागत होती. आता तीही गरज उरली नाही. 2024 मध्ये स्नॅपने फिल्टर बनवणाऱ्यांच्या हाती अशी साधने दिली की हवी ती वस्तू शब्दांत सांगायची आणि यंत्राने ती घडवायची. 2025 च्या सप्टेंबरात गुगलच्या जेमिनीवर स्वतःचा फोटो देऊन जुन्या सिनेमातल्या साडीत स्वतःला पाहण्याची लाट आली. ते जिवंत कॅमेऱ्यावरचे सोंग नव्हते, स्थिर चित्र होते. सोय मात्र तीच: खुंटीवर काय आहे ते बघायचे कारण नाही, तोंडाने मागायचे.

कोल्हापूरच्या माणसाला यात नवल वाटू नये. खोट्या वस्तूला खरेपण देण्याच्या धंद्यावर या गावाचे निम्मे कलाजीवन उभे राहिले आहे. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्या कामाने त्यांचे आडनावच बदलले आणि ते ‘पेंटर’ झाले. आनंदराव 1916 मध्ये वारले. दोघांनी मिळून पाहिलेले सिनेमाचे स्वप्न बाबूरावांनी पुढे नेले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. गायिका तानीबाई कागलकर यांनी त्यासाठी पैसे दिले. पैशाचे सोंग तिथे चालण्यासारखे नव्हते. कॅमेरा मात्र बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून स्वतः घडवला.

1920 च्या ‘सैरंध्री’त भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हबकले आणि सरकारने तो कापायला लावला. लाकूड, रंग आणि कापड जाणणाऱ्या हातांचे ते यश होते. पुढे बाबूरावांनी चपटे पडदे मागे टाकून खोली असलेले देखावे उभारले, पात्रांच्या वेशभूषेची रेखाटने आधी काढली. बेगड लावलेला मुकुट कॅमेऱ्यापुढे कुठे चमकतो आणि कुठे उघडा पडतो, हे त्यांना कळत होते. मला या साऱ्यात 1925 चा ‘सावकारी पाश’ जास्त महत्त्वाचा वाटतो. देवादिकांचे मुकुट घडवणाऱ्या कंपनीने इथे कर्जात जमीन गमावलेला शेतकरी उभा केला. व्ही. शांताराम त्यात शेतकरी होते. वस्तू त्याच, कापडाच्याच, पण आता त्या श्रीमंतीचे नव्हे, गरिबीचे सोंग आणत होत्या. गरिबीचे सोंग वठवणे जास्त अवघड असते, हे कोणताही नाटकवाला सांगेल.

बालगंधर्वांची वाट उलटी होती. रंगभूमीवर त्यांना खरे भरजरी शालू लागत. त्या खरेपणाची किंमत कंपनीने कर्जाच्या रूपाने मोजली. बायका मात्र त्यांच्याकडे बघून केसांची रचना आणि पदराची ठेवण शिकल्या. म्हणजे पुरुषाने आणलेल्या स्त्रीच्या सोंगावरून खऱ्या स्त्रिया नटायला शिकल्या! सोंग आणि खरे यांच्यामधली भिंत आपल्याकडे कधीच फार जाड नव्हती.

पण कुणी काय अंगावर घालायचे, ही भिंत मात्र जाड होती. पायात वहाण, डोक्याला पागोटे, गळ्यात सोने, यांतले काय कुणाला शोभते हे गाव ठरवीत असे आणि ‘शोभते’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘परवानगी आहे’ असा होता. 1927 च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने हा विषय मुद्दाम काढला. जात सांगणारे कथलाचे, चांदीचे जड दागिने टाका आणि लुगडे वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा, असा त्यांचा आग्रह होता. अंगावरची वस्तू ही ओळखपत्र असते हे त्यांनी नेमके हेरले होते. या पार्श्वभूमीवर स्टुडिओतल्या खुंटीवरचा कोट पाहिला की त्याच्याकडे हसून बघता येत नाही. फोटोचे पैसे देणाऱ्या कुणालाही तो कोट मिळे. जात न विचारता अंगावर चढणारा तो पहिला कोट अनेकांसाठी असेल. म्हणून फिल्टरवर तुटून पडणाऱ्या मुलांना हिणवण्याची मला घाई नाही.

अडचण दुसरीकडे आहे. स्टुडिओतला कोट एकच असे आणि तो सगळ्यांना सारखाच न बसणारा असे. बाह्या लांब, खांदे ओघळलेले. जुन्या फोटोंचा गठ्ठा उलगडताना हे न बसणेच उपयोगी पडते. तेच घड्याळ तीन वेगळ्या मनगटांवर दिसले की ती वस्तू स्टुडिओची आहे हे कळते. मग ज्याच्या अंगावर कोट नेमका बसला आहे तो त्याचा स्वतःचा असावा, असा तर्क करता येतो. फोटोतले खोटे हे असे खऱ्याची वाट दाखवते. यंत्राने घडवलेली वस्तू प्रत्येकाला नेमकी बसते. तिला ओघळ नाही, मळ नाही, दुसऱ्या मनगटाची आठवण नाही. शंभर वर्षांनी हे फोटो चाळणाऱ्याला 2025 च्या कोल्हापुरात कुणाकडे काय होते, हे त्यांतून कळणार नाही. कुणाला काय हवे होते एवढे कळेल. तेही कमी नाही, पण तो वेगळा पुरावा आहे.

आणि यंत्राला वस्तू माहीत असते कितपत? कोल्हापुरी साज घ्या. त्यात परंपरेने एकवीस पाने: दहा अवतारांची दहा, अष्टमंगळाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि एक डोरले. सोनाराच्या हाताला हा हिशेब पाठ असतो. शब्दांवरून चित्र काढणारी यंत्रे मोजणीत कच्ची. ती पाने भरतील, सोनेही झळकवतील, पण मत्स्य कुठला आणि कूर्म कुठला ते विचारू नये. फेट्याचेही तेच. पुणेरी पगडी शिवलेली, तयार. कोल्हापुरी फेटा डोक्यावर वळसे देत बांधायचा, वर तुरा, मागे शेमला. यंत्र शिकते ते जालावरच्या ढीगभर चित्रांतून, आणि ज्या प्रकारची चित्रे जास्त त्या बाजूला झुकते. कोल्हापुरी फेट्याऐवजी राजस्थानी साफ्याचा जवळचा भाऊ डोक्यावर येऊन बसला तर आश्चर्य नको. तो दिसायला सुंदरच असतो. हीच खरी पंचाईत, कारण भद्दा असता तर कुणी तरी टोकले असते.

वहाणेच्या बाबतीत टोकणारे निघाले. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो वाटा आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशाच घाटाच्या चपला आणल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. इथे आरडाओरडा झाला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, तेव्हा त्या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीतून आल्याचे कंपनीने मान्य केले. हे शक्य झाले कारण समोर चामड्याची, विकाऊ, बोट दाखवता येईल अशी वस्तू होती आणि तिच्यामागे एक कंपनी होती. मानांकनाचा कायदा मालाचा कायदा आहे. पडद्यावरच्या पायात क्षणभर चढलेली चपल ना कुणी कातली, ना कुणी शिवली, ना कुणी विकली. पत्र पाठवायचे ते कुणाच्या नावाने?

एक गोष्ट मात्र जुन्या कोल्हापूरला ओळखीची वाटेल. बाबूराव पेंटरांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज उरलेले नाहीत. त्या काळची फिल्म पेट घेणारी आणि कुजणारी होती. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचे नाट्यगृह जळाले तेव्हा रंगमंचही गेला. फिल्टरना आग लागत नाही. मेटाने आपला स्पार्क हा मंच 14 जानेवारी 2025 रोजी बंद केला आणि बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर त्या दिवशी इन्स्टाग्रामवरून गेले. ते ज्यांनी चेहऱ्यावर चढवले त्यांचे फोटो अजून मोबाइलमध्ये आहेत. स्टुडिओचा कोट फाटून गेला तरी कुणाच्या तरी ट्रंकेत त्याचे एखादे बटण सापडू शकते. या मुकुटांचे आणि फेट्यांचे तसे काही सापडायचे नाही. फार तर एखाद्याने फोटोसोबत त्या वस्तूची मागणी करणारे शब्दही ठेवले असतील. ‘मला कोल्हापुरी फेटा हवा, भगवा, तुरा उंच’, असे.