चिनी सहभोजन व आतिथ्य

चिनी जेवणाचे दोन भाग मानतात : फान आणि त्साय. फान म्हणजे शिजवलेले धान्य. दक्षिणेत भात, तर उत्तरेत गव्हाच्या शेवया किंवा मांथौ हा वाफवलेला पाव. त्साय म्हणजे भाज्या, मांस, मासे यांचे पदार्थ. फान ज्याचे त्याच्यापुढे असते. त्साय मात्र मेजाच्या मधोमध मांडतात आणि सगळे त्यातूनच घेतात. पदार्थ मागवायचे तेही सबंध मेजासाठी. चिराचिरी स्वयंपाकघरातच उरकलेली असल्याने मेजावर सुरी लागत नाही, दोन काड्यांवर जेवण होते.

मधल्या पदार्थांतून सगळ्यांनी घेण्याची ही पद्धत अतिप्राचीन असल्याची समजूत चुकीची आहे. हान काळात (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) माणसे चटईवर बसत आणि प्रत्येकाचे ताट वेगळे, बुटक्या चौरंगावर असे. उंच खुर्च्या व मेजे तांग काळात (६१८–९०७) पसरू लागली, सुंग काळात (९६०–१२७९) घरोघरी रुळली, आणि मग माणसे एका मेजाभोवती आली. आठ जणांच्या चौकोनी मेजाला आठ अमर सिद्धांचे नाव मिळाले. गोल मेज त्यानंतरचे.

बसण्याचा क्रम मात्र खरोखरच जुना आहे. इ. स. पू. २०६ मधील होंगमन येथील मेजवानीत कोण कोणत्या दिशेला तोंड करून बसला, हे इतिहासकार स-मा छ्येन याने आवर्जून नोंदवले आहे. बलाढ्य सेनानी श्यांग यू याने पूर्वाभिमुख मानाची जागा स्वतःकडे ठेवली आणि पाहुणा म्हणून आलेला सत्तेतील प्रतिस्पर्धी ल्यू बांग याला उत्तराभिमुख, कनिष्ठ जागी बसवले. कोणाचे पारडे जड हे तेवढ्यावरून कळते. आज सामान्यतः दारासमोरची, दारापासून सर्वांत दूरची जागा प्रमुख पाहुण्याची किंवा घरातल्या वडीलधाऱ्याची असते. शांतुंग प्रांतात तेथे यजमान बसतो आणि पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. वडीलधाऱ्याने काड्या उचलल्याशिवाय इतर जण जेवायला सुरुवात करत नाहीत. काड्या भातात उभ्या खोचणे अशुभ, कारण मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्या तशाच दिसतात.

आतिथ्याचे सार आग्रहात आहे. मेज भरलेले असतानाही यजमान ‘खास काही केलेले नाही’ असेच म्हणतो आणि चांगला तुकडा निवडून पाहुण्याच्या वाटीत घालतो. प्रेम बोलून दाखवण्याची सवय नसलेल्या घरांत आई-आजी ते असेच दाखवतात. म्हणून सर्व रीतींत ही सर्वांत महत्त्वाची मानावी. पूर्वी यासाठी स्वतःच्या उष्ट्या काड्या वापरण्यात कोणाला वावगे वाटत नसे. सगळे पदार्थ संपले तर अन्न कमी पडले असा अर्थ निघतो, म्हणून यजमान गरजेपेक्षा अधिकच मागवतो. अख्खा मासा वाढताना त्याचे डोके अनेक ठिकाणी प्रमुख पाहुण्याकडे करतात. मासा आणि शिल्लक या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘यू’ असाच असल्याने नववर्षाच्या पूर्वसंध्येच्या कौटुंबिक जेवणात तो मुद्दाम थोडा उरवतात. समुद्रकाठच्या कोळ्यांत मासा ताटात उलटवत नाहीत. तसे केल्यास होडी उलटते अशी समजूत आहे.

मद्यपानात ‘गानबे’ म्हणजे ‘प्याला कोरडा करा’. प्याले भिडवताना धाकट्याने आपल्या प्याल्याची कड थोरल्याच्या कडेखाली धरायची असते. क्वांगतुंग प्रांतात कोणी चहा ओतला की बोटांनी मेजावर हलकेच ठोकून आभार मानतात, आणि किटलीचे झाकण तिरके ठेवले की वाढप्याने पाणी घालायचे हे ठरलेले. बिल सहसा एकच जण भरतो. त्यासाठी ओढाओढ होते, आणि आज ज्याने खाल्ले त्याच्यावर पुढच्या जेवणाचे ऋण राहते.

एका ताटातून खाण्याच्या धोक्यावर डॉ. वू ल्येन-तेह यांनी बोट ठेवले. पेनांगमध्ये जन्मलेल्या या वैद्याने १९१०–११ मधील मांचुरियातील फुप्फुसी प्लेग आटोक्यात आणला होता. क्षयाच्या भीतीने त्यांनी फिरते तबक आणि प्रत्येक पदार्थासाठी वेगळा चमचा सुचवला. एकत्र जेवणे मोडू नये, ही त्यामागची त्यांची दृष्टी होती. वाढण्याच्या स्वतंत्र काड्यांना गोंगख्वाय म्हणतात. २००३ मधील सार्स आणि २०२० मधील कोरोना साथीनंतर त्यांचा सरकारी पातळीवर जोरदार प्रचार झाला. आग्रहापोटी वाया जाणाऱ्या अन्नाला आळा घालण्यासाठी २९ एप्रिल २०२१ रोजी चीनने कायदा केला. ग्राहकांना अवाजवी पदार्थ मागवायला लावणाऱ्या उपाहारगृहाने ताकीद देऊनही न ऐकल्यास त्याला १०,००० युआनपर्यंत दंड होतो.