प्रकाशाचा रंग आणि औषधींचा गुण

खानदेशांत उन्हाची वाण कधींच नव्हती. तरीही १९९० नंतरच्या दशकांत जळगांवच्या जैन उद्योगसमूहानें केळीचीं रोपें प्रयोगशाळेंत, दिव्यांखालीं वाढविलीं.

या विद्येचें मूळ जुनें आहे. १८८२ मध्यें एंगेलमन या जर्मन शास्त्रज्ञानें लोलकांतून शैवालावर सप्तरंग पाडले. प्राणवायूचे भुकेले सूक्ष्म जंतू तांबड्या व निळ्या पट्ट्यांपाशींच गोळा झाले. वनस्पतीचें काम तेथेंच जोरांत चालतें, हें सिद्ध झालें. परंतु हवा तो रंग देणारा सोयीचा दिवा नव्हता. १९९३ मध्यें जपानांत नाकामुरा यांनीं तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला, तेव्हां ती उणीव सरली.

तुळशीच्या कुळांतील रोपांवर पुढें प्रयोग झाले. निळ्या प्रकाशांत रोप बहुधा ठेंगणें राहतें, पण पानांतील औषधी द्रव्यें अनेकदां वाढतात, असें आढळलें. औषधाचें मोल वजनांत नसून रसांत असतें, हें येथें ध्यानीं घ्यावें.

जळगांव-धुळ्याच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. तेथील सफेद मुसळी खणून खणून विरळ झाली. तिचीं रोपें दिव्याखालीं करून, गुण पारखून, शेतांत लावलीं, तर रानांतली मुसळी रानांत राहील.