१ जानेवारीचे कूळ

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातले टेंभली हे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशाला माहीत झाले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिला आधार क्रमांक तिथल्या रंजना सोनवणे यांना मिळाला. बारा आकडे, बोटांचे ठसे, बुबुळांची छायाचित्रे, योजनेचे प्रमुख नंदन नीलेकणी, पुढचे न्यायालयीन खटले, हे सगळे पुष्कळ लिहून झाले आहे. त्याच नोंदीतल्या जन्मतारखेच्या रकान्याकडे मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जुन्या पिढीचे जन्म घरीच झाले. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत राज्यात तळाला असलेला हा जिल्हा. इथे चाळिशीपुढच्या माणसाकडे जन्माचा दाखला असणे हीच नवलाई. वय विचारले तर उत्तर येते अंदाजाने, फार तर होळीच्या आधीचा की नंतरचा एवढ्या खुणेने. आणि तरीही कागदोपत्री देशभर अशा असंख्य माणसांचा जन्म एकाच दिवशी झालेला दिसतो: १ जानेवारी. ही तारीख आली कुठून? माझे म्हणणे असे की ती कुणी विचार करून ठरवलेलीच नाही. ती मजकूर वाचताना जन्मली.

महाराष्ट्रात अशी माणसे पूर्वीही होती, पण त्यांचा वाढदिवस १ जूनला असे. जूनमध्ये शाळा उघडत, दाखल करताना पोराचे वय पुरे भरलेले असावे लागे, म्हणून गुरुजी मागे मोजून १ जून लिहीत. ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून एकदम इतके लोक निवृत्त होतात ते त्यामुळेच. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. याहून विचारपूर्वक केलेली सोय केंद्र सरकारच्या जुन्या वित्तीय नियमांत सापडते. कर्मचाऱ्याचे फक्त जन्मवर्ष माहीत असेल तर १ जुलै धरावा, वर्ष आणि महिना माहीत असेल तर त्या महिन्याची १६ तारीख. ज्याने कुणी हा नियम लिहिला त्याला अज्ञान कसे नोंदवायचे हे कळत होते. वर्षाचा मध्य धरला की चूक झाली तरी जास्तीत जास्त सहा महिन्यांची, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी. गुरुजींच्या १ जूनची चूक वाढून सात महिन्यांपर्यंत जाईल. १ जानेवारीची चूक जवळजवळ वर्षभराची, आणि ती नेहमी एकाच दिशेने, माणसाला म्हातारे करणारी. दोन चांगल्या प्रथा हाताशी असताना तिसरी, सर्वांत वाईट प्रथा का रुजली, हा खरा प्रश्न आहे.

उत्तरासाठी यंत्राच्या वाचनाकडे पाहावे लागते. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माहिती जाते ती साध्या मजकुराच्या रूपात. ती मागवणारा प्रोग्रॅम, म्हणजे क्लायंट, तो मजकूर पार्स करतो, म्हणजे वाचून त्याचे भाग सुटे करतो, आणि आपल्या ठरलेल्या साच्यांत भरतो: नाव अक्षरांच्या साच्यात, पिनकोड आकड्याच्या, जन्मतारीख तारखेच्या. या भरण्याला डिसिरियलायझेशन म्हणतात. आता मजकुरात नुसते ‘१९६५’ आले आणि साचा मागतो वर्ष, महिना, दिवस अशा तिन्ही गोष्टी, तर काय होते? जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला हे चार आकडे तारीख म्हणून दिले तर ती १ जानेवारी १९६५ हाती देते. तेही जागतिक वेळेची मध्यरात्र धरून, म्हणून भारतात पहाटेचे साडेपाच होतात आणि अमेरिकेत तोच माणूस ३१ डिसेंबर १९६४ चा ठरतो. ही चूक नाही, नियम आहे. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या या भाषेच्या पाचव्या प्रमाण आवृत्तीत स्पष्ट लिहिले आहे की महिना किंवा दिवस नसेल तर तिथे ०१ धरावा. टेंभलीचा कार्यक्रम त्याच्या पुढच्याच वर्षीचा. जावा, सी-शार्प, पायथॉन यांना फक्त वर्षाचा साचा सांगून वाचायला लावले तर त्याही १ जानेवारीवरच येतात. पायथॉनची लोकप्रिय डेटयुटिल लायब्ररी मात्र वेगळे करते: रिकाम्या जागी आजचा महिना आणि आजचा दिवस घालते, म्हणजे माणसाचा वाढदिवस फॉर्म ज्या दिवशी वाचला त्या दिवशी. पीएचपी या भाषेची तऱ्हा आणखी निराळी. तिथे तारीख ओळखणाऱ्या नेहमीच्या फंक्शनला ‘१९४५’ दिले तर ते वर्ष मानलेच जात नाही. आज संध्याकाळचे सात पंचेचाळीस असा अर्थ लावला जातो. पंचाहत्तरी उलटलेली आजी आज संध्याकाळी जन्माला येते. एकाच मजकुराची इतकी उत्तरे निघतात यातच माझ्या म्हणण्याचा मोठा पुरावा आहे: तारीख मजकुरात नव्हती, वाचणाऱ्याने आणली.

यावर पहिला आक्षेप असा की मूळ नोंदीतच १ जानेवारी असेल तर क्लायंटला दोष कशाला? आक्षेप वजनदार आहे. २०१७ मध्ये हरिद्वारजवळच्या गैंडीखाता गावात वनगुज्जरांच्या आधार कार्डांवर सरसकट १ जानेवारी दिसली आणि वर्तमानपत्रांत ओरड झाली. तेव्हा आधार देणाऱ्या प्राधिकरणाने खुलासा केला तो असाच: कागद नसेल आणि माणूस अंदाजे वय सांगत असेल, तर त्या वर्षाची १ जानेवारी नोंदली जाते. म्हणजे तारीख वाचताना नव्हे, लिहितानाच घातली गेली. पण आधारच्या प्रमाणीकरणाचा तांत्रिक मसुदा उघडला की वेगळेच दिसते. जन्मतारीख पूर्ण किंवा नुसते चार आकडी वर्ष अशा दोन्ही रूपांत पाठवायची मुभा तिथे आहे, आणि शेजारी तारखेचा प्रकार सांगणारे एक अक्षर: पडताळलेली असेल तर ‘व्ही’, सांगितलेली असेल तर ‘डी’, अंदाजे असेल तर ‘ए’. सुरुवातीच्या छापील कार्डांवरही कित्येकांच्या नावाखाली ‘जन्म वर्ष’ एवढेच असे, आणि त्यांच्या चौकोनी क्यूआर कोडमध्ये ‘वायओबी’ म्हणजे जन्मवर्षाचा स्वतंत्र रकाना. रचना करणाऱ्यांना अंदाज आणि खात्री यांतला फरक पूर्ण ठाऊक होता. मग तो हरवला कुठे? माझा तर्क असा की नोंदणीच्या ठिकाणी ‘वय ४५’ हे शब्द वाचून त्यांची तारीख करणारा प्रोग्रॅम हाही एक वाचकच होता. चालू वर्षातून ४५ वजा केले, उरलेले वर्ष तारखेच्या साच्यात घातले, बाकीचे साच्याने भरले. आक्षेपातली लिहिण्याची घटना नीट पाहिली तर तीही वाचण्याचीच ठरते.

दुसरा आक्षेप परदेशातून येतो. सोमालिया, सुदान, व्हिएतनाममधून अमेरिकेत गेलेल्या हजारो निर्वासितांचाही जन्मदिवस १ जानेवारीच आहे, आणि तो माणसांनीच, अधिकाऱ्यांनीच लिहिला. तेव्हा यंत्राची गरज काय? हे मी मान्य करतो: घाईत असलेला माणूसही वर्षाच्या पहिल्या दिवसाकडे जातो. पण भारतातली कागदी परंपरा तिकडे गेली नव्हती. ती जूनकडे गेली, जुलैकडे गेली. इथे जानेवारी ठळक झाली ती संगणकी नोंदींच्या पिढीत, आणि म्हणून तिचे इथले कूळ यंत्रातच शोधायला हवे.

आणखी खोल गेले तर ते सी भाषेपर्यंत पोचते. तिच्या वेळ साठवण्याच्या रचनेत महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी म्हणजे ०. रचना पुसून शून्याने भरली की महिना आपोआप जानेवारीच होतो. दिवस मात्र एकपासून, त्यामुळे शून्य दिवस म्हणजे आदल्या महिन्याचा शेवटचा. रिकामेपणा आणि जानेवारी एकाच आकड्याने लिहिले गेले ते इथे, आणि नंतरच्या कित्येक भाषांनी महिन्याची ही मोजणी तशीच उचलली. वाट दुसरीही होती. माहितीचे साचे ठरवणाऱ्या २००१ च्या एक्सएमएल स्कीमा या प्रमाणाने नुसत्या वर्षासाठी ‘जीइयर’ नावाचा वेगळा साचा दिला होता. मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली तर १९६५-००-०० अशी अर्धी तारीख साठवू देत असे, आणि जन्मदिवस नेमका माहीत नसलेल्या माणसांसाठीच ही सोय आहे असे तिच्या माहितीपुस्तकात लिहिलेले आहे. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून मूळ मांडणीत ती बंद झाली, कारण बहुतेक क्लायंटना महिन्याच्या जागी शून्य वाचता येत नव्हते असे मला वाटते.

वर्षच अंदाजे असेल तर महिन्या-दिवसाचा हट्ट कशाला, असे कुणी म्हणेल. हट्ट दिवसाचा नाही, ‘ए’ या अक्षराचा आहे. ते पुसले गेले की खरोखर १ जानेवारीला जन्मलेला आणि होळीच्या खुणेने वय सांगणारी यांच्यातला फरक पुढच्या कुठल्याच प्रोग्रॅमला कळत नाही, आणि पात्रता दिवस मोजून ठरते. डिसेंबर १९६० मध्ये जन्मलेली बाई १ जानेवारीच्या हिशेबाने जवळपास वर्षभर आधी ६५ ची होते. श्रावणबाळ योजनेत तिला त्यामुळे पैसे लवकर सुरू होतील. लाडकी बहीण योजनेतले दरमहा १५०० रुपये तितकेच लवकर थांबतील.

न माहीत असलेले रिकामे ठेवू देणारी रचना अशक्य नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या आरोग्य नोंदींत जन्माचे वर्ष, महिना आणि दिवस हे तीन वेगळे रकाने आहेत. महिना आणि दिवस रिकामे ठेवता येतात. रचना म्हणून हे उत्तम आहे, पण शेवटचे काम पुन्हा क्लायंटवर येते. जावातली जॅक्सन ही लायब्ररी, २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीआधीच्या रूपात, साध्या पूर्णांकाच्या साच्यात रिकामी जागा आली की, मुद्दाम मनाई केली नाही तर, तिथे निमूट शून्य ठेवते. जावास्क्रिप्टमध्ये १९६५ आणि पुढे दोन रिकाम्या जागा देऊन तारीख बनवली तर हाती येते ३१ डिसेंबर १९६४, म्हणजे जे वर्ष तेवढे माहीत होते तेही चुकते. हे टाळायचे तर तिन्ही रकाने वेगळेच वाचावेत, नुसत्या वर्षासाठी जावात २०१४ पासून असलेला ‘इयर’ हा साचा वापरावा, आणि वय काढायची वेळ आली तर एका आकड्याऐवजी दोन द्यावेत: कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके. पात्रतेची रेषा या दोहोंच्या मधून जात असेल तर तो अर्ज यंत्राने निकाली काढू नये, तलाठ्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे पाठवावा, जिथे होळीच्या आधी की नंतर हे अजून विचारता येते.